सर्व्हिस स्टेशनचे दुकान कसे झाले



वासंतिक व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला राज्यांचे उदयास्त, क्रांत्या आणि थोरांची चरित्रे हे विषय शोभून दिसतात. त्या मानाने आमचा आजचा विषय फार लहान आहे. अमेरिकेत गावोगावच्या कोपऱ्यांवर मोटारींना पेट्रोल देणारी आणि त्यांची देखभाल करणारी 'सर्व्हिस स्टेशने' असत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात त्यांतील असंख्य स्टेशनांची दूध, पाव, कॉफी आणि सिगारेटी विकणारी दुकाने झाली. हे कसे घडले, का घडले, त्यात कोणाचे काय गेले आणि कोणाला काय मिळाले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. विषय लहान असला तरी त्यातून निघणारा प्रश्न लहान नाही. जी सेवा आपल्याला फुकट मिळते तिचे पैसे अखेर कोण देत असतो, हा तो प्रश्न होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पेट्रोलची विक्री मुळात दुकानातच सुरू झाली. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात मोटारीचे संशोधक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ या पतीला न सांगता दोन मुलांसह मोटारीने मानहाइमहून फोर्झहाइमकडे निघाल्या. वाटेत इंधन सरत आले, तेव्हा व्हीसलोख गावच्या औषधविक्रेत्याकडून त्यांनी लिग्रॉइन नावाचा द्रव विकत घेतला आणि पुढची वाट धरली. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी लोक तो औषधाच्या दुकानातून नेत असत. म्हणजे जगातला पहिला पेट्रोल पंप शोधू गेले तर एक औषधाचे दुकान हाती लागते.

अमेरिकेतही तसेच झाले. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी सिल्व्हेनस बाउझर या गृहस्थाने १८८५ साली हाताने चालवावयाचा एक पंप तयार केला. तो मोटारीसाठी नव्हता, कारण मोटार अजून तेथे पोचलीच नव्हती. तो होता किराणा दुकानातले रॉकेल मोजून देण्यासाठी. दुकानात रॉकेलचे पिंप लोण्याच्या पिंपाजवळ असे आणि लोण्याला रॉकेलची चव लागे, त्यावर उपाय म्हणून हा पंप निघाला, अशी कथा सांगतात. रेशनच्या दुकानात साखर आणि रॉकेल एकाच रांगेत उभे राहून आणलेल्या आमच्या पिढीला ती कथा खरी वाटावयास अडचण पडणार नाही. पुढे १९०५ च्या सुमारास बाउझर यांनी याच पंपाला टाकी आणि रबरी नळी जोडली आणि तो मोटारींसाठी विकावयास काढला.

१९०८ साली फोर्ड यांची 'मॉडेल टी' गाडी निघाली आणि मोटार श्रीमंतांच्या अंगणातून शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी येऊन उभी राहिली. किराणा दुकानाच्या दारात डब्याने आणि नरसाळ्याने पेट्रोल ओतणे आता पुरेना. ते धोक्याचेही होते. तेव्हा केवळ याच कामासाठी बांधलेल्या जागा पुढे आल्या. त्यांत पीट्सबर्ग शहरात 'गल्फ' कंपनीने १ डिसेंबर १९१३ रोजी उघडलेले स्टेशन विशेष प्रसिद्ध आहे. पॅगोडासारखे छप्पर असलेली ती विटांची टुमदार इमारत होती. पहिल्या दिवशी तेथे ३० गॅलन पेट्रोल खपले आणि भाव गॅलनला २७ सेंट होता. अमेरिकन गॅलन म्हणजे आपले पावणेचार लिटर. पेट्रोल विकतचे होते. पण चाकात हवा आणि यंत्राला पाणी तेथे फुकट मिळे. थोड्याच दिवसांत रस्त्यांचे नकाशेही फुकट वाटले जाऊ लागले. येथे 'सेवा' हा शब्द पेट्रोलला येऊन चिकटला आणि तेल दुकानातून बाहेर पडले.

ही फुकट सेवा कोठून आली? तिच्या मुळाशी एक न्यायालयीन निर्णय आहे. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलर यांच्या 'स्टँडर्ड ऑइल' या अजस्र मक्तेदारीचे ३४ कंपन्यांत तुकडे करावयास लावले. या कंपन्या आणि त्यांच्याबाहेरच्या गल्फ, टेक्सको यांसारख्या कंपन्या एकमेकींच्या बाजारात शिरल्या. आता अडचण अशी की एका कंपनीचे पेट्रोल आणि दुसरीचे पेट्रोल यांत साध्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मालात फरक दाखविता येत नसेल तर तो विकणाऱ्यात दाखवावा लागतो. म्हणून गणवेश आला, टोपी आली, पुढची काच पुसणे आले, वंगणाची पातळी पाहणे आले, स्वच्छ शौचालय आले. 'प्युअर ऑइल' कंपनीने इंग्लंडातल्या खेड्यातल्या घरासारखी स्टेशने बांधली. टेक्सकोने प्रख्यात आरेखक वॉल्टर डॉर्विन टीग यांच्याकडून पांढऱ्या स्वच्छ मुलाम्याच्या इमारतींचा नमुना करून घेतला.

या सर्व थाटाचा खर्च पेट्रोलच्या भावातून पुरता निघत नसे. मोठ्या कंपन्यांचा खरा नफा जमिनीतून कच्चे तेल काढण्यात होता आणि करातल्या सवलतीही तेथेच होत्या. शक्य तितके तेल खपविणे एवढेच स्टेशनाचे काम. म्हणून कंपनी कोपऱ्यावरची जागा घेई, इमारत बांधी आणि ती एखाद्या होतकरू माणसाला भाड्याने देई. तो माणूस पेट्रोलवर थोडे मिळवी. त्याची खरी कमाई दुरुस्ती, टायर आणि बॅटरी यांवर होई. त्याच्या इमारतीला दोन-तीन गाळे असत. त्यांत गाडी वर उचलण्याची यंत्रणा, भिंतीवर पान्यांची रांग आणि वंगणाने काळी झालेली जमीन असे. एका चौकाच्या चारही कोपऱ्यांवर चार कंपन्यांची चार स्टेशने उभी, असे दृश्य त्या काळी विरळा नव्हते. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत अशी सव्वा दोन लाखांच्या घरात स्टेशने होती.

त्या स्टेशनाचे वस्तीत एक स्थान होते. मालकाला कोणाच्या गाडीचा कोणता भाग कुरकुरतो ते पाठ असे. शाळेतले मूल सुटीच्या दिवशी तेथे काम करून हातखर्चाला पैसे मिळवी आणि यंत्राची पहिली ओळख करून घेई. एडवर्ड हॉपर या चित्रकाराने १९४० साली काढलेल्या 'गॅस' नावाच्या चित्रात संध्याकाळच्या रस्त्यावर तीन तांबडे पंप आणि त्यांच्यापाशी एकटाच उभा असलेला एक माणूस दिसतो. अमेरिकन माणसाला ते चित्र पाहून आजही हुरहूर लागते.

परंतु इतिहास सांगणाऱ्याने हुरहुरीवर विसंबू नये. ते कोपऱ्यावरचे स्टेशन सर्वांचे नव्हते. काळ्या वर्णाच्या प्रवाशाला अनेक ठिकाणी पेट्रोल मिळे, पण शौचालयाची किल्ली मिळत नसे. काही ठिकाणी पेट्रोलही मिळत नसे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची प्रवासपुस्तिका काढली. कोठे थांबावे, कोठे जेवावे, कोठे निजावे, याची काळ्या प्रवाशांसाठी ती यादी होती. 'एस्सो' कंपनीने आपल्या स्टेशनांतून ही पुस्तिका पोचविली आणि काळ्या व्यावसायिकांना स्टेशनेही चालवावयास दिली, हे त्या कंपनीच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण अशी पुस्तिका निघावी लागली, यातच सेवेची मर्यादा दिसते.

आता या कथेची दुसरी बाजू पाहू. टेक्सासमधल्या डॅलस शहरात 'साउथलँड आइस' नावाची बर्फ विकणारी कंपनी होती. १९२७ साली तिच्या बर्फ विकण्याच्या एका ठिकाणावरील माणसाने बर्फाबरोबर दूध, अंडी आणि पाव ठेवावयास प्रारंभ केला. बर्फ तेथे होताच, म्हणून नासणारा माल टिके. रविवारी आणि रात्री किराणा दुकाने बंद असत, तेव्हाही हे ठिकाण उघडे असे. कंपनीने ही कल्पना उचलली. १९४६ साली या दुकानांचे नाव 'सेव्हन-इलेव्हन' ठेवले गेले, कारण ती सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत उघडी असत. येथे विकला जात होता तो वेळ. दूध मोठ्या दुकानात स्वस्त मिळे. येथे ते जवळ आणि अवेळी मिळे, आणि त्याबद्दल गिऱ्हाईक चार सेंट अधिक देई.

या दोन धंद्यांमध्ये भिंत होती ती पंपावरच्या माणसाची. जोवर नळी हातात धरण्यास माणूस लागे, तोवर दुकानदाराला पंप परवडत नसे. १९४७ साली लॉस एंजेलिस येथे फ्रँक युरिच यांनी गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरून घ्यावे आणि गॅलनमागे पाच सेंट वाचवावेत अशी योजना काढली. जुन्या विक्रेत्यांनी आगीच्या भयाची हाकाटी केली. न्यू जर्सी राज्याने १९४९ मध्ये आणि ओरेगॉनने १९५१ मध्ये स्वतः पेट्रोल भरण्यास कायद्याने बंदी घातली. ओरेगॉनने ती २०२३ साली उठविली. न्यू जर्सीत ती अजून आहे.

ती भिंत पडली १० जून १९६४ रोजी. कोलोरॅडोतल्या वेस्टमिन्स्टर गावी जॉन रॉस्को यांच्या 'बिग टॉप' या दुकानाबाहेरचे पंप आत गल्ल्यावर बसलेल्या माणसाने कळ दाबून चालू-बंद करावयाचे, अशी सोय त्या दिवशी सुरू झाली. पहिल्या दिवशी १२४ गॅलन खपले. मोठा आकडा नव्हे. पण आता एकच माणूस दूधही विकू शकत होता आणि पेट्रोलही. योगायोग असा की त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये सीनेटने नागरी हक्कांच्या विधेयकावरील दीर्घकाळ लांबविलेली चर्चा ७१ विरुद्ध २९ मतांनी संपविली. २ जुलै रोजी तो कायदा झाला आणि वर्णभेद जेथे करता येणार नाही अशा जागांच्या यादीत त्यात पेट्रोल स्टेशनाचा उल्लेख नावाने आहे. स्टेशनाची दारे सर्वांना कायद्याने उघडली त्याच सुमारास सेवा करणाऱ्या माणसाला घरी पाठविण्याचे यंत्र सिद्ध झाले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु ज्यांना ती सेवा प्रथमच हक्काने मिळणार होती, त्यांच्या वाट्याला ती फार दिवस आली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

यंत्र आले तरी स्टेशने लगेच बदलली नाहीत. त्यासाठी १९७३ यावे लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले आणि थोड्याच महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. स्टेशनांपुढे मैलभर रांगा लागल्या. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम यावरून पेट्रोल कोणत्या दिवशी मिळावयाचे ते ठरू लागले. आता पाहा, गिऱ्हाईक आपण होऊन पहाटेपासून रांगेत उभे आहे. त्याची काच कोण पुसणार, आणि का? ज्या स्पर्धेसाठी सेवा निघाली होती ती स्पर्धाच काही काळ उरली नाही.

याहून खोल बदल विहिरीपाशी झाला. उत्पादक देशांनी आपल्या तेलाची मालकी एकामागून एक स्वतःकडे घेतली. इराकने १९७२ मध्ये मोठे पाऊल उचलले, तर सौदी अरबस्तानने १९८० पर्यंत ती मालकी पुरी केली. अमेरिकन सरकारनेही १९७५ साली मोठ्या कंपन्यांची करातली जुनी सवलत काढून घेतली. विहिरीतला नफा आटला तेव्हा कंपन्या म्हणू लागल्या की कोपऱ्यावरच्या प्रत्येक जागेने स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे. हिशोब मांडल्यावर बहुतेक जागा तोट्यात निघाल्या. दहा वर्षांत स्टेशनांची संख्या बरीच खाली आली. भाडेकरू विक्रेत्यांना मनमानीने काढता येऊ नये म्हणून काँग्रेसला १९७८ साली कायदा करावा लागला, यावरून त्या काळातली पळापळ ध्यानी येते.

ज्या जागा उरल्या त्यांनी दुकानाचा रस्ता धरला. १९७८ मध्ये 'आर्को' कंपनीने दक्षिण कॅलिफोर्नियात आपल्या स्टेशनांवर 'एएम/पीएम' नावाची दुकाने काढली. १९८२ साली तिने उधारीची कार्डे बंद करून पेट्रोल स्वस्त केले. पेट्रोलने गिऱ्हाईक आणावे आणि कॉफीने नफा करावा, असे ते गणित होते. गॅलनमागे विक्रेत्याच्या हाती काही सेंटच राहत. शीतपेयाच्या पेल्यात बर्फ आणि पाणीच अधिक, म्हणून तेथे निम्म्याहून अधिक किंमत नफ्याची असे.

हे रूपांतर प्रत्यक्षात कसे होई तेही सांगितले पाहिजे. गाळ्यांची वर सरकणारी दारे काढून तेथे काचा बसवीत. गाडी उचलण्याची यंत्रणा जमिनीतून उपटून खड्डा भरीत, आणि त्या खड्ड्याभोवतीची तेल मुरलेली मातीही खणून न्यावी लागे. पान्यांच्या भिंतीवर काचेच्या दारांची शीतकपाटे येत. बाहेरून उघडणारे शौचालय आत घेतले जाई. पंपांवर मोठे छत आणि त्याखाली रात्रभर प्रखर दिवे लागत. या दिव्यांवरून, बियरच्या परवान्यावरून आणि रात्रीच्या वर्दळीवरून शेजारी नगरपालिकेत तक्रारी नेत. जेथे संध्याकाळी सहाला कुलूप लागत होते, तेथे आता रात्र उरली नव्हती.

मोटारही याच दिशेने बदलत होती. १९७५ च्या सुमारास धूर शुद्ध करणारे यंत्र आणि बिनशिशाचे पेट्रोल आले, पुढे संगणक आला. पान्याने आणि कानाने दुरुस्त होणारी गाडी हळूहळू राहिली नाही. शेवटचा घाव जमिनीखालून आला. जुन्या लोखंडी टाक्या गंजून पेट्रोल विहिरींच्या पाण्यात उतरू लागले होते. सरकारने १९८८ साली नियम केले आणि टाक्या बदलण्यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत घातली. लहान मालकाला हा खर्च पेलवला नाही. पंपावरच कार्डाने पैसे देता येऊ लागल्यावर गिऱ्हाईक दुकानात शिरेनासे झाले, तेव्हा त्याला आत ओढण्यासाठी गरम जेवणही आले. 'एक्सॉनमोबिल'ने तर आपण स्वतः स्टेशने चालविण्याच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे २००८ साली जाहीर केले. आज अमेरिकेत अशी लाखाहून अधिक दुकाने आहेत आणि देशातले बहुतेक पेट्रोल तीच विकतात.

मग काय गेले आणि काय आले? वस्तीतला जाणता कारागीर गेला, आणि त्याच्या हाताखाली शिकणारा मुलगाही गेला. आले ते रात्री अडीच वाजता तान्ह्या मुलासाठी मिळणारे दूध. रात्रपाळीच्या नर्सला मिळणारी कॉफी. आणि आले नवे मालक. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा सैल झाल्यावर गेलेल्या भारतीयांपैकी, विशेषतः गुजराती आणि पंजाबी मंडळींपैकी अनेकांनी या धंद्यात पाय रोवले. सारे कुटुंब पाळीपाळीने गल्ल्यावर बसे, म्हणून लांब वेळ परवडे. त्याची किंमतही त्यांनी मोजली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या स्वतःच्या स्टेशनाबाहेर गोळी घालण्यात आली, ती केवळ पगडी आणि दाढी पाहून. रस्त्यावरच्या कोणालाही दार उघडे ठेवणारा माणूस किती उघड्यावर उभा असतो, हे त्या दिवशी दिसले.

आपल्याकडे याच एस्सोचे १९७४ साली आणि बर्मा-शेलचे १९७६ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि मुंबईतून चालणाऱ्या हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्या पंपाला दुरुस्तीचे गाळे क्वचितच होते. पंक्चर काढणारा फाटकाबाहेर झाडाखाली स्वतंत्र बसला. पण "शून्य बघा" म्हणून नळी लावणारा मुलगा अद्याप आहे, आणि चाकात हवा फुकट द्यावी असा नियमही आहे. त्या मुलाचा पगार आणि ती हवा विक्रेत्याच्या कमिशनातून निघते, आणि ते कमिशन गिऱ्हाईक देत असलेल्या भावातून. गिऱ्हाइकाला मात्र ही हवा फुकट वाटते.

अमेरिकेच्या कोपऱ्यांवर जे घडले त्याचा बोध आमच्या मते हाच आहे. काच पुसणाऱ्या माणसाला तिथल्या लोकांनी सौजन्य समजले. प्रत्यक्षात त्याचा पगार दूरच्या वाळवंटातल्या विहिरीतून येत होता. विहीर दुसऱ्याची झाली तेव्हा तो माणूस गेला. त्याला राखावे असे वाटणारे पुष्कळ होते. त्याच्या कामाचे वेगळे दोन पैसे देण्यास तयार असलेले थोडे निघाले. पाच सेंट वाचतात म्हटल्यावर त्यांनी नळी स्वतःच हाती घेतली.

आता विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत. त्यांना वीज भरावयास अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ माणूस कोठे तरी बसणार, काही तरी खाणार. म्हणजे पंप जाईल आणि दुकान उरेल, असा संभव आहे. बर्था बेंझ जेथे थांबल्या होत्या तेथेच मोटार पुन्हा येऊन थांबेल. आपल्या पंपावरच्या मुलाचेही दिवस त्या वेळी मोजावे लागतील. तो जावा की राहावा हे कंपन्या आपल्या हिशोबाने ठरवतीलच. आपला हिशोब आपण करावयाचा आहे, आणि तो त्याचा पगार चालू असतानाच केलेला बरा.